हरियाणाचा, केरळचा आणि आमचा

मोताळा, जि. बुलडाणा
रविवार, १८ जानेवारी २०२६

माह्या लाडक्या नातवाले, प्रसेनजितले, आजीचा पोटभर जयभीम.

आम्ही सारे बरे आहोत. तुह्या बापाची तूर सोंगून झाली. शेजारच्या सत्यभामाबाईची म्हैस व्याली, तुह्या नावाचा खरवस मीच खाल्ला. माही शाळा चौथीपर्यंतची, अक्षर गोड मानून घे. तू फोन उचलून नाही राह्यला म्हणून लिहायले बसली. तुही बहीण अर्पिता म्हणे, कागदाचा फोटो धाडते, तू वाचलं की दोन निळ्या खुणा येतात. त्या खुणांची वाट पाहत बसायची मले हिंमत नाही. टपालातच टाकते.

तुह्या बास्केटबॉलच्या मॅची आम्ही एकही सोडली नाही. तुहा बॉल जाळीत गेला की तुही बहीण नाचते अन् माह्या हातातला चहा सांडते. या घरात एवढी मौज मी पाह्यली नव्हती बाबू.

व्हिडिओचं तुले कळलंच हाय. जळगाव जामोदचा तो माइकवाला पोरगा विहाराच्या ओट्यावर बसला, भवताली साऱ्या बाया. विचारते, लीगमधल्या बाकी शूटिंग गार्डांपेक्षा, म्हणजे दुरून बॉल टाकणाऱ्यांपेक्षा, तुमचा नातू किती पुढं हाय? सत्यभामाबाई मधातच म्हणे, त्याच्या जोडीचा कोणी नाही. नजर-बिजर आपण मानत नाही, दीक्षा घेतली तवाच सोडलं. पण माही माय चारचौघांत पोराले कधी चांगलं म्हणे नाही, गोऱ्याले काळ्या म्हणे. ते हाडात बसलेलं हाय. मी म्हटलं, कशाचा पुढं? हरियाणाचा तो दांडगा समोरच्याले हलू देत नाही. केरळच्या कुरळ्याचा हात कधी कापत नाही. आमच्याचा तर डावा गुडघा सुजते, कठडा धरून पायरी चढते.

बाया हसल्या. तो पोरगा नाही हसला.

मग व्हिडिओ पाहून तुह्या कोचचा तुह्या बापाले, दयारामले, फोन आला. तुहा बाप चप्पल न काढता घरात आला अन् म्हणे, "आई, पोराच्या पोटावर पाय दिला तू."

आता इथं कोणी ऐकत नाही म्हणून खरं लिहिते. दुरून टाकण्यात साऱ्या लीगमध्ये तुह्यासारखा नाही. हरियाणावाल्याचा बॉल कड्याले आपटते, तुहा नुसता जाळीले हलवून जाते. अडवण्यात तू त्याच्या खाली, केरळच्याच्या बरोबरीचा. पण हे आधीच्या मॅचीतलं. आता ते दोघं उडी मारून टाकतात अन् तू उभ्यानं टाकतं. खाली आला की उजवाच पाय टेकतं अन् तोंड फिरवतं. मी अर्पिताले विचारलं, हा तोंड काऊन फिरवते? तिनं फोन पालथा ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीत दार लावून तू माह्याकडून तेल चोळून घेतलं. कोणाले सांगू नको म्हणे, माह्या जागेवर पोरं टपून बसले हायेत. माह्या बोटाखाली तो गुडघा चुलीवरच्या भाकरीवाणी गरम. बॅगीत दुखणं दाबायच्या गोळ्याच गोळ्या. तवापासून मी भेलेली हाय. तू उडी मारली की मी डोळे मिटते.

लोकांले सांगते, नजरेच्या भेवानं बोलली. ते खोटं नाही. पण हरियाणा-केरळपाशी मले थांबता आलं असतं. गुडघ्याचं तोंडात आलं तवा मी थांबली नाही.

माइकवाला पोरगा काल परत आला. तुह्या बापानं त्याले लय सुनावलं. तो म्हणे, आजी म्हणत असंल तर आत्ता काढून टाकतो, अन् फोनवर बोट धरून उभा राह्यला. दयाराम माह्याकडं पाहे. मी म्हटलं, राहू दे.

मंगळवारी टीमचा डॉक्टर तुहा पाय तपासणार म्हणे. मले झोप नाही. जागा जाईल, तुहं स्वप्न जाईल, तू जन्मभर बोलणार नाही, सारं मनात येऊन जाते. नको बोलू. पण दोन्ही पायांवर सरळ उभा राहून माह्यावर राग धर.

भेलेली, पण शब्द मागं न घेणारी,
तुही आजी
वच्छलाबाई