शेजारच्या सीटचं वजन

२ जानेवारी
रिटायर होऊन दोन महिने झाले. दोन महिने हातावर हात ठेवून बसलो, पुरे झालं. आजपासून विमान.

छोटं. लाकडी. दोन सीटचं. लो-विंग, म्हणजे पंख सीटच्या खालून जाणार. स्वतः डिझाइन करायचं, स्वतः बांधायचं, स्वतः उडवायचं. कशासाठी? मजेसाठी. लोक याहून फालतू गोष्टी याहून गंभीर चेहऱ्याने करतात.

प्लॅन: मार्चअखेर ड्रॉइंग पूर्ण. ऑगस्टअखेर बांधणी पूर्ण. ऑक्टोबरात पहिलं उड्डाण. डावीकडे मी, उजवीकडे बायको. पायलटचं लायसन्स मधल्या वेळात काढून टाकीन.

५ जानेवारी
मेहुणा येऊन गेला. हिचा धाकटा भाऊ. फर्निचरचं वर्कशॉप आहे त्याचं, म्हणून लाकडातलं सगळं आपल्यालाच कळतं असा समज. मी त्याला शंकासुर म्हणतो. (फक्त इथे.) म्हणाला, भाऊजी, पंख वर घ्या, बाजूला दार बसवा, ताईला चढाय-उतरायला बरं पडेल.

त्याला शांतपणे समजावलं. विमानाच्या दोन्ही बाजूंनी, नाकापासून शेपटीपर्यंत, एकेक अखंड दांडा जातो. सगळा भार त्या दांड्यावर. दार म्हणजे दांडा कापणं, आणि दांडा कापला की विमान संपलं. माझ्या विमानात पंखावर पाय ठेवायचा, काठ ओलांडायचा आणि आत बसायचं. राजासारखं.

तर म्हणे, ताईची पाठ दुखते हल्ली. म्हटलं, पंख आणखी दोन इंच खाली घेतो. तो चहा संपवून गेला.

१९ जानेवारी
विमानाचा जीव तोलात असतो. कुठे किती वजन, एवढंच. बाकी सगळं सुतारकाम.

आणि वजन हा माझा प्रांत. पार्सल ऑफिसच्या काट्यावर चौतीस वर्षं काढली. वस्तू हातात घेतली की आकडा सांगतो. आज शंकासुराने फळी आणली, मी उचलून म्हटलं, चार किलो तीनशे. त्याने मुद्दाम काट्यावर ठेवली. चार किलो दोनशे ऐंशी. काटा जुना आहे त्याचा.

तक्ता सुरू केला. इंजिन ६५. मी ७४. ही ५८ (तिला विचारून लिहिलं). सीट पंखाच्या जरा मागे येतात, त्यामुळे सीटवरचं वजन बदललं की तोल बदलतो, तोल बदलला की पंख सरकवायचा, पंख सरकला की सगळी ड्रॉइंग पुन्हा पहिल्यापासून. हे हिला नीट बसवून समजावलं. लक्ष देऊन ऐकलं तिने. म्हणाली, म्हणजे माझं वजन बदलून चालायचं नाही.

बरोब्बर मुद्दा पकडला. उगाच नाही मी उजवी सीट तिला दिली.

११ फेब्रुवारी
ड्रॉइंग अर्धी झाली आहेत, पण प्रत्यक्ष बसून पाहिल्याशिवाय मापं कळत नाहीत. म्हणून कॉकपिटचा भाग आधी बांधायला घेतला. बाहेरच्या खोलीत. सोफा पॅसेजमध्ये गेला. पॅसेजमधून आता तिरकं चालावं लागतं. सवय होईल.

लेक हिला घेऊन हॉस्पिटलात गेली, पाठीच्या तपासण्यांना. मीही जाणारच होतो, पण ग्लू कालवून झाला होता. कालवला की चाळीस मिनिटांत वापरावा लागतो. ग्लू कोणासाठी थांबत नाही.

परत आल्यावर लेक स्वयंपाकघरात नळ पूर्ण सोडून नुसती उभी होती. केवढं पाणी वाया गेलं. बोललो तिला.

२६ फेब्रुवारी
हिची ट्रीटमेंट सुरू. दर तीन आठवड्यांनी एक दिवस, दिवसभर सलाइन. तो दिवस मी पूर्ण बांधणीला देणार. घरात कोणी नसलं की काम झपाट्याने होतं.

(आज दिवसभर घरात कोणी नव्हतं. काम झालं नाही. पेन्सिल सापडत नव्हती.)

१८ मार्च
कॉकपिट उभं राहिलं! दोन बाजू, दोन अखंड दांडे, तळ, दोन सीट. सीटची पाठ मागे कललेली, फोम स्वतः कापून हिच्या पाठीच्या मापाचा केला. तीनदा कापला. पहिल्या दोनदा ती म्हणाली, ठीक आहे. तिसऱ्यांदा काहीच बोलली नाही, झोपली. दीड तास गाढ.

लेक म्हणते, आईला पलंगावर पाठ टेकवत नाही, महिना झाला तिला नीट झोप नाही. असेल. पण विमानातच झोप लागली याचा अर्थ लेकीच्या लक्षात येत नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा हिला माझ्या कुठल्या कामाची गोडी लागली आहे.

३१ मार्च
ड्रॉइंग पूर्ण होण्याची तारीख. शेपटी बाकी. पंख बाकी. इंजिन कसं बसवायचं ते बाकी. बाकी सगळं झालं.

नवी तारीख: १५ मे.

९ एप्रिल
हॉस्पिटलात दर खेपेला वजन करतात. आयतीच सोय. ही घरात शिरली की मी टेबलावरूनच विचारतो, वजन? ती दारातूनच सांगते, अठ्ठावन्न. आजही अठ्ठावन्न. तीन खेपा झाल्या, शंभर ग्रॅमचा फरक नाही. वजन स्थिर म्हणजे तब्येत स्थिर. डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते.

कपडे सैल झालेत म्हणून शंकासुर कुरकुरला. म्हटलं, कापड धुऊन सैलावतं.

९ मे
ही आता दिवसभर उजव्या सीटवरच असते. तिथेच पेपर, तिथेच चहा, तिथूनच सगळ्यांवर देखरेख. मी शेजारी टेबल ओढून काम करतो. मधूनच विचारते, हा कुठला भाग? मी सांगतो. परवा सांगितलेलाच पुन्हा विचारते. मीही पुन्हा सांगतो. असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

१५ मे
शेपटी रद्द. नवीन शेपटी विचाराधीन. नवी तारीख: ३० जून.

३ जून
लेकीशी वाजलं. म्हणाली, बाबा, निदान एकदा डॉक्टरांना भेटा. मी म्हटलं, तू भेटतेस ना. म्हणाली, मी मुलगी आहे, तिथे नवऱ्याला विचारतात. मी म्हटलं, पुढच्या खेपेला नक्की, फक्त शेपटीचं गणित संपू दे. तिने माझी पट्टी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. काही बोलली नाही. आईवर गेली आहे.

संकल्प: पुढच्या खेपेला डॉक्टरांना भेटायचं.

१७ जून
हिने डोक्याला स्कार्फ बांधायला सुरुवात केली आहे. निळा. छान दिसतो. उघड्या विमानात वारा फार लागतो, उपयोगीच पडेल. तिला तसं म्हणालो. हसली, आणि मग बराच वेळ तोंड भिंतीकडे करून झोपली होती.

१८ जून
कालचं बोलणं चुकलं की काय? छे.

१९ जून
हो. चुकलं.

१० जुलै
शेपटी बाजूला ठेवली, पंखाला हात घातला. पंखाच्या आत बावीस फासळ्या लागतात. पहिली फासळी पूर्ण! तीन आठवडे लागले. तळहातावर घेतली: एकशे नव्वद ग्रॅम. हिच्या हातात दिली. दोन्ही हातांनी धरली तिने. इतकी हलकी? म्हणाली. म्हटलं, हलकेपणातच तर सगळं आहे.

बावीस गुणिले तीन आठवडे. गुणाकार केला नाही. पहिल्या फासळीला वेळ लागतोच.

डॉक्टरांकडे याही खेपेला जाणं झालं नाही. ग्लू वाळेपर्यंत क्लॅम्प लावलेले होते. वजन अठ्ठावन्न.

८ ऑगस्ट
आज काय झालं ते लिहून ठेवतो.

सकाळी ही सीटवर बसायला आली. खाली पंखाच्या उंचीचं स्टूल ठेवलं आहे, त्यावर चढली. काठावरून पाय आत टाकायचा तर पाय उचलेना. पुन्हा प्रयत्न केला. मग काठाला धरून नुसती उभी राहिली, माझ्याकडे न बघता. लेक ऑफिसला गेलेली. मी पेन्सिल ठेवली आणि तिला उचललं.

एक्केचाळीस.

आत ठेवलं. पांघरूण घातलं. टेबलाशी येऊन बसलो. हात अजून तसेच वर होते.

चौतीस वर्षं. दोन हातांनी उचललेल्या वस्तूत माझी एका किलोची चूक कधी झाली नाही. आज चूक झाली असावी म्हणून बसून राहिलो. उचलताना माणूस काठाला धरतो, भार वाटला जातो. तिने काठाला धरलं नव्हतं. माझ्या गळ्याला धरलं होतं.

शेवटी विचारलं, अगं, मागच्या खेपेला वजन किती होतं?

म्हणाली, अठ्ठावन्न. डोळे मिटूनच.

तक्त्यात अठ्ठावन्न लिहिलं.

९ ऑगस्ट
काही नाही.

१३ ऑगस्ट
हॉस्पिटलात गेलो. तिघंही. ग्लू कालवलेला नव्हता.

तिथल्या काट्यावर मी स्वतः बघितलं. चाळीस किलो सहाशे. नर्सने फाइलमध्ये लिहिलं, तिच्या खांद्यावरून वरचे आकडे वाचले. छप्पन्न. पंचावन्न. त्रेपन्न. एक्कावन्न. एकोणपन्नास. सत्तेचाळीस. पंचेचाळीस. त्रेचाळीस. अठ्ठावन्न कुठेच नाही. पहिल्या दिवशीही नाही.

ही माझ्याकडे बघत होती. चोरी पकडल्यासारखी. मी म्हटलं, इथला काटा जुना दिसतोय. ती म्हणाली, हो ना.

डॉक्टर बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. चांगल्या बोलल्या. ट्रीटमेंट थांबवू, म्हणाल्या, तिचा आता फक्त त्रास होतो आहे. घरी ठेवा. दुखू नये एवढं आपण बघू. मी विचारलं, ऑक्टोबर? त्या म्हणाल्या, ऑक्टोबरचं मी नाही सांगू शकत. मी विचारलं, फेब्रुवारीत आलो असतो तर? त्या म्हणाल्या, तुम्ही आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

एवढंच वाक्य घेऊन घरी आलो.

१६ ऑगस्ट
लेकीला विचारलं, तू का नाही सांगितलंस? म्हणाली, आईने शपथ घातली होती. आई म्हणाली होती, त्यांना वजन कळलं तर ते सगळी ड्रॉइंग पुन्हा पहिल्यापासून काढत बसतील, आणि मग माझ्याशेजारी कोण बसणार.

लेक हे रागाने सांगायला लागली होती. मध्येच रडायला लागली. मीही.

२२ ऑगस्ट
घरी येणाऱ्या नर्सने नियम घालून दिला. पेशंटला असं काठावरून उचलून आत-बाहेर करायचं नाही. तुमचा पाय घसरला तर? आणि धक्का बसला की त्यांना किती दुखतं ते त्या तुम्हाला सांगत नाहीत. पलंगावर झोपवा.

पलंगावर झोपवलं. दुपारपर्यंत ही एकदाही कण्हली नाही. उशीचा कोपरा दातात धरला होता. लेकीने दाखवला.

शंकासुराला फोन केला. म्हटलं, तुझी बारीक दात्यांची करवत घेऊन ये. कशाला, ते त्याने विचारलं नाही.

२३ ऑगस्ट
सकाळी तो आला. उजवी बाजू. सीटच्या शेजारच्या दांड्यावर दोन खुणा केल्या, सव्वा दोन फूट अंतर. तो म्हणाला, भाऊजी, द्या इकडे, मी कापतो. म्हटलं, नको, तू धरून ठेव.

दांडा चांगला निवडला होता. एक गाठ नाही, एक रेघ वाकडी नाही. दोन कापांना वीस मिनिटं लागली. तुकडा हातात आला. वजन केलं नाही. कडा घासून गुळगुळीत केल्या, वर कापड चिकटवलं. शंकासुराने एकही शंका काढली नाही. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, तो धाकटा असून.

दुपारी नर्सने आणि मी हिला चाकाच्या खुर्चीतून सरळ सीटवर सरकवलं. अर्ध्या मिनिटाचं काम. शंकासुराचं दार जानेवारीतच मान्य केलं असतं तर रोजच अर्ध्या मिनिटाचं होतं.

ती टेकली. डोळे मिटले. चेहऱ्यावरची ओढ हळूहळू सुटली. मी डावीकडून चढून शेजारी बसलो. या सीटवर मी आजपर्यंत मापापुरताच बसलो होतो. इथून टेबल दिसत नाही. खिडकी दिसते, आणि ती.

थोड्या वेळाने तिने हात बाजूला नेला. दांड्यासाठी चाचपला. मोकळी जागा लागली. कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

"कापलात?"

"हो."

"मग आता हे उडायचं नाही."

"नाही."

बोट कापलेल्या टोकावरच राहिलं. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "बरं झालं. मला उंचीची फार भीती वाटते. पहिल्यापासून."

बत्तीस वर्षं झाली लग्नाला. मी कधी विचारलंच नव्हतं.