मागची खोली आणि हातांची खुर्ची

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, लेथवर आयुष्य घालवलेला टर्नर, आता निवृत्त, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरीणबाईंनी जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी थेट दोनपर्यंत उतरलो, तेव्हा त्याच म्हणाल्या, पुरे. वकीलबाई टाइप करून देत होत्या, मी नको म्हटले. माझे अक्षर कोंबडीच्या पायासारखे असले तरी पन्नाशीनंतर कमावलेले आहे.

घरादाराची वाटणी दोन ओळींत झाली असती. एवढे लिहिण्याचे खरे कारण मागची खोली. तिथे दर रविवारी पुरुषांचा वर्ग भरतो, आणि माझ्यामागे तो बंद पडेल या भीतीने मला वर्षभर नीट झोप नाही.

कलम १. मागची खोली सोडून राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. यावर कोणी चर्चा करू नये. मी आठवीत शाळा सोडली होती. बावन्नाव्या वर्षी संध्याकाळच्या शाळेचा फॉर्म हिनेच आणला. मी म्हणालो, "या वयात? लोक काय म्हणतील?" ही म्हणाली, "लोक तुमचा पेपर तपासणार आहेत का?" चार वर्षांनी मी शालान्त परीक्षा पास झालो, गणितात वर्गात पहिला. तो निकालाचा कागद कपाटाच्या डाव्या कप्प्यात आहे. तो माझ्या शेवटच्या शर्टाच्या खिशात घालावा.

कलम २. माझे मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि हत्यारांची पेटी मुलाला. व्हर्नियरबद्दल सांगणे भाग आहे.

कारखान्यात आम्ही तेरा टर्नर होतो. शाफ्टची जाडी तपासायला एकच लोखंडी गेज. शाफ्ट त्याच्या खाचेतून गेला की माल पास. एक दिवस तो गेज फोरमनच्या हातून फरशीवर पडला. त्याने तो उचलला, पुसला आणि जागेवर ठेवला. पुढे अकरा दिवस आम्ही त्यावर माल काढला, आणि सगळाच्या सगळा माल परत आला. चौकशीत काय निघावे? गेजची खाच केसभर फाकली होती. तेराही जणांनी आपापल्या व्हर्नियरने गुपचूप मोजले होते. तेराही जणांना फरक दिसला होता. आणि आपलेच व्हर्नियर बिघडले असे समजून प्रत्येकाने ते खिशात घातले होते. पुरुषासारख्या पुरुषाने विचारायचे कसे, हसतील ना सगळे. फोरमनने गेज पडल्याचे कबूल केले नाही. आमच्यातल्या दोघांची नोकरी गेली, आणि मी मान खाली घालून उभा होतो. त्याची लाज मला आजही वाटते. त्या लाजेनेच मला शाळेत नेले.

कलम ३. वर्गाचे बाक, फळा आणि पुस्तके वर्गाचीच. निवृत्त झालो त्या वर्षी, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, हा वर्ग मी सुरू केला. ड्रायव्हर, वॉचमन, शिंपी, जो येईल तो. आम्ही बातम्या वाचतो, औषधाच्या चिठ्ठ्या वाचतो, फोनवर आलेले बिनबुडाचे निरोप वाचतो. कोणी काही ठासून सांगितले की बाकीच्यांनी विचारायचे, "कशावरून?" खोलीत हातांची खुर्ची एकच. "मला माहीत नाही", "मला कळलं नाही" किंवा "माझं चुकलं" असे जो म्हणेल, ती त्याची, दुसरा कोणी तसे म्हणेपर्यंत. सुरुवातीला खुर्ची महिनोन्‌महिने रिकामी असायची. आता तिच्यासाठी भांडणे होतात.

फोरमनशी मी बारा वर्षे बोललो नव्हतो. तो एका रविवारी येऊन मागे बसला. चौथ्या रविवारी उभा राहिला आणि म्हणाला, "गेज माझ्या हातून पडला होता. माझं चुकलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नियम माझाच होता. मी खुर्ची पुढे केली. फोरमन या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही मिळू नये असे वकीलबाई म्हणतात. म्हणून कारखान्याच्या भंगारातून आणून मी जपलेला तो गेज आज त्याच्या हातातच दिला. या मृत्युपत्रातून त्याला छदामही नाही.

कलम ४. मागची खोली लेथसकट मुलाला.

याची नोकरी गेली तेव्हा चार महिने हा इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचा, वाचनालयात बसायचा आणि संध्याकाळी परतायचा. आम्हाला पत्ता नाही. एका रविवारी चहाचा ट्रे घेऊन वर्गात आला आणि तसाच उभा राहून म्हणाला, "मला कळत नाहीये. चार महिने झाले नोकरी गेली, घरी कसं सांगू तेच कळत नाहीये." कोणी हसले नाही. फोरमनने ट्रे घेतला, शिंप्याने खुर्ची ओढली. मी पाठ करून फळा पुसत राहिलो. फळ्यावर काही लिहिलेले नव्हते. आज माझा मुलगा इस्पितळातली यंत्रे दुरुस्त करतो आणि रविवारी वर्गाला दशांश शिकवतो. मला त्याचा फार अभिमान आहे, हे तोंडावर सांगायचे राहिले, म्हणून इथे लिहितो.

(येथे चार ओळी खोडल्या आहेत. खाडाखोड माझी, बाजूला सही केली आहे.)

खोडले ते असे होते: वीस वर्षे दर रविवारी वर्ग भरलाच पाहिजे, नाहीतर खोली मुलाकडून काढून घ्यावी. आज वर्गात मी हे मोठ्या ऐटीत वाचून दाखवले. मुलगा म्हणाला, "बाबा, अट घातली की वर्ग चालतो, हे कशावरून?"

मी म्हणालो, "मी सांगतो म्हणून."

अख्खी खोली एका सुरात म्हणाली, "कशावरून?"

मुलगा म्हणाला, "तुम्ही वर्ग सुरू केलात तेव्हा तुम्हाला कोणी अट घातली होती का?"

मी कागद खाली ठेवला. मग म्हणालो, "मला माहीत नाही."

अकरा वर्षांत या खोलीत हे मी एकदाही म्हटले नव्हते. नियम करणारा मी, आणि खुर्चीत कधी बसलो नव्हतो, हे माझ्या लक्षातही आले नव्हते. मुलाने खुर्ची उचलून आणली. सगळ्यांनी बाक बडवले. मला वाटते, शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू गेले असेल. भीती तिथेच संपली. आता खोली बिनशर्त मुलाची, आणि हा कागद मी खुर्चीत बसून पुरा करत आहे.

कलम ५. हातांची खुर्ची मी कोणाच्याही नावे करत नाही. तिचा उजवा हात जरा डुगडुगतो, तो मुलाने घट्ट करावा.

ठिकाण: मागची खोली, लेथजवळ.
दिवस: रविवार, वर्ग सुटायच्या आधी. तारीख वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.

सही: लिहिणार, टर्नर (निवृत्त)

साक्षीदार पहिला, फोरमन (निवृत्त): सही आणि खाडाखोड दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर झाली.

साक्षीदार दुसरा, शिंपी: सही माझ्यासमोर झाली. कागद पूर्ण वाचला. कलम दोनमधलं व्हर्नियर म्हणजे काय, ते मला कळलं नाही. लिहिणाऱ्याने आता खुर्ची सोडावी.