सात खुंट्या

प्रिय चिमणे,

तुझी पत्रं तुझी आई मला मोठ्याने वाचून दाखवते. परवाचं मात्र तिने अर्ध्यातच घडी घालून डब्यात टाकलं. ती बाहेर गेल्यावर मी ते काढून वाचलं. रागावू नकोस, बापच आहे मी. त्यावर बोलतोच, पण आधी इकडचं ऐक.

विहीर अजून आटलेली नाही. भर उन्हाळ्यात पाणी सातव्या पायरीवर आहे! वरच्या उताराची जमीन आम्ही मेली म्हणून सोडून दिली होती, तिथे काल फावडं मारलं तर मूठभर गांडुळं निघाली. तुझ्या आईला दाखवायला घरात घेऊन आलो आणि बोलणी खाल्ली. दूधवाला रोज तुझ्या बांधावर थांबून गवत बघतो आणि कौतुक माझं करतो. मीही निर्लज्जासारखा ते ऐकून घेतो. खरं सांगू? एवढ्या जिद्दीचं माणूस आमच्या घराण्यात तुझ्याआधी झालं नाही.

आठवतं, तू दोन काठ्या जोडून, मधे दोरीला दगड लोंबता सोडून उतारावर चकरा मारायचीस? समान उंचीवर खुंट्या ठोकायच्या, त्या रेषेवर बांध घालायचा, म्हणजे पाणी न पळता जागीच मुरतं, हे मला दहा वेळा समजावलंस. मी हसायचो. अगं, नांगरटीत जन्म गेला माझा, माझ्या नांगराचं तास बघायला लोक यायचे इतकी सरळ रेघ! तुझी ती वळत जाणारी रांग नुसती डोळ्यांत खुपायची.

मग त्या वर्षी एका जोराच्या पावसात मधला बांध फुटला. तीनशे रोपं गेली. तू चिखलात बसून तो लोंबता दगड तपासत होतीस आणि माझंच माप चुकलं, माझंच चुकलं म्हणत होतीस. दुसऱ्या दिवशी कोणाला बोल न लावता पुन्हा मोजायला लागलीस. मी असतो तर काठ्या चुलीत घातल्या असत्या. तेव्हा मला तुझा अभिमान वाटला आणि तुझ्याकडे बघवेनाही.

आता तुझ्या पत्राचं. अख्खं खोरं आखायचं काम तुझ्याकडे चालून आलंय आणि तू सोमवारी नकार कळवणार आहेस. का, तर एकदा माप चुकलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या जमिनीशी खेळू नये. चिमणे, माप चुकलंच नव्हतं. खोलगट जागेपाशी तुझी रेषा वरच्या अंगाला वळत होती. तू दोन दिवस रोपं आणायला गेलीस, तेव्हा तिथल्या सात खुंट्या मी उपटल्या आणि खाली ओढून सरळ रेषेत ठोकल्या. पोरीचं काम नीटनेटकं करून दिलं, असं वाटलं होतं मला. पाणी नेमकं तिथेच तुंबलं. तीन वर्षं मूग गिळून बसलो, कारण तुझ्यासमोर लहान व्हायची लाज वाटली. तू माझ्याशी भांड, अबोला धर, काय हवं ते कर. पण ते सगळं मंगळवारपासून. सोमवारी हो म्हण.

तुझाच,
खुंट्या उपटणारा बाबा