दोन माणसांच्या गाडीची वाटणी

या कागदाच्या शेवटी सही करणारी मी, वय वर्षे एकोणतीस, अविवाहित, विमा कंपनीसाठी अपघातात सापडलेल्या मोटारींची तपासणी करणारी, आज रविवारी न्याहारी करून, डोके ठणकत असले तरी पूर्ण शुद्धीत, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. मला हे कोणी लिहायला लावलेले नाही. उलट धाकट्या भावाने सकाळपासून दोनदा माझ्या हातातले पेन काढून घेतले.

लिहिण्याचे कारण असे, की येत्या गुरुवारी माझ्या डाव्या कानामागची गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरातले अठ्ठ्याण्णव जण हसत घरी जातात. माझे पोट उरलेल्या दोघांवर चालते, त्यामुळे मला अठ्ठ्याण्णवांचा फारसा आधार वाटत नाही. खरे तर भीतीपेक्षा थकवाच जास्त आहे. गाठीने गेले वर्षभर नीट झोपू दिलेले नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या घरात कोणीच केलेले नाही, कारण लिहिता येणारी मी पहिली. वकीलबाईंनी एक नमुना दिला. त्यातली शेतजमीन, दागिने आणि वारस मुले ही तीन कलमे मी गाळली आहेत, आणि गाळली आहेत असे येथे नमूद करते.

कलम १. मी राहते ती खोली भाड्याची आहे. घरमालकीणबाईंना सांगावे की मोरीतला नळ मी बिघडवलेला नाही. मी आले तेव्हाच तो गळत होता आणि पहिल्याच दिवशी मी तसे लेखी कळवले होते. त्याची प्रत कपाटाच्या वरच्या खणात आहे. नळावरून त्यांनी मला चार वर्षे ऐकवले, म्हणून ही प्रत त्यांना नेऊन द्यावी. भांडू नये, फक्त द्यावी.

कलम २. बँकेतली ठेव धाकट्या भावाला. अट काही नाही. इच्छा एक आहे: बाबांच्या नावाने येणारा प्रत्येक कागद त्याने त्यांना मोठ्याने आणि सगळा वाचून दाखवावा. 'काही विशेष नाही' असे म्हणू नये. विशेष काय ते बाबा ठरवतील.

कलम ३. रंगाची जाडी मोजायचे यंत्र, लांब दांड्याचा आरसा आणि डोक्याला बांधायची बॅटरी ऑफिसातल्या नव्या तपासनीस मुलीला. तिला सांगावे, की गाडीखाली शिरल्याशिवाय अहवाल लिहू नकोस. आमच्या साहेबांना काही नाही. माझे अकरा अहवाल त्यांनी स्वतःच्या सहीने पुढे पाठवले, ते त्यांच्याकडेच आहेत. तेवढे पुरे.

कलम ४. हे कलम गाडीचे आहे. ते लांबेल. वकीलबाईंची क्षमा मागते.

बाबा मोटार मिस्त्री. त्यांना वाचता येत नाही. मी शाळेत जाण्यापूर्वी त्यांच्या गॅरेजच्या जागेचा करार शेजारच्या एका शिकलेल्या गृहस्थाने त्यांना वाचून दाखवला होता, आणि "पुढचं सगळं नेहमीचंच आहे" म्हणून शेवटचे पान उलटलेच नाही. त्या नेहमीच्यात जागा सोडायची तारीख होती. गॅरेज गेले, गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड आली, आणि घरात नियम झाला: वाचायचे तर सगळे वाचायचे. सात वर्षांची असताना मी औषधाच्या बाटलीवरचा कारखान्याचा पत्तासुद्धा वाचून दाखवत असे. बाबा हात पुसत उभे राहून ऐकत आणि म्हणत, "झालं का, मास्तरीण?" मी "झालं" म्हटल्यावर ते बाटली उघडत.

त्या शेडमध्ये एक गिऱ्हाईक आपली दोन माणसांची, ठेंगणी स्पोर्ट्स गाडी ठेवून गेले ते तीन वर्षे आलेच नाही. त्या मॉडेलची ती पहिली पिढी, म्हणजे सगळ्यांत जुनी आवृत्ती; पुढे कंपनीने आणखी दोन काढल्या. पुढचे दिवे झोपलेले असत, बटण दाबले की उठत. आमच्या घरात खोली एकच होती, म्हणून शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा अभ्यास मी त्या गाडीत बसून केला. नंतर मालक येऊन ती घेऊन गेला. त्याच्याबद्दल तक्रार नाही, गाडी त्याची होती.

नोकरीत स्थिरावल्यावर मी तसली गाडी वापरलेली घ्यायचे ठरवले. मिरवायला नाही, रोज कामाला जायला. जाऊन-येऊन चौऱ्याहत्तर किलोमीटर, शिवाय अपघाताच्या जागा. तेव्हा तिन्ही पिढ्यांची एकेक गाडी विकाऊ होती. शेडमध्ये झालेले बोलणे मला जसेच्या तसे आठवते.

"पहिलीच घे," बाबा म्हणाले. "दहा, बारा, चौदाचा पाना असला की अख्खी गाडी उघडते. बिघडली तर मी आहेच."

"आणि ठोकली तर?" धाकटा म्हणाला. "तिच्यात एअरबॅग नाही, बाबा."

"ही कशाला ठोकेल?"

"ही नाही हो! समोरचा ठोकतो ना. हिचं पोट कशावर चालतं, विचारा तिला."

"मग दुसऱ्या पिढीचं काय?" मी विचारले.

"ती कशाला?" दोघे एकदम म्हणाले. त्या दिवशी त्यांचे एकमत तेवढ्या एकाच गोष्टीवर झाले.

मला अशा वेळी तक्ता केल्याशिवाय सुचत नाही. मी तीन रकाने आखले. पहिलीत दाराखालच्या पट्ट्या गंजतात, मागची प्लास्टिकची काच धुरकट होते, स्टिअरिंग जड. दुसरीत मागची काच खरी, इंजिन जवळजवळ तेच, पण गंज पुढच्या सांगाड्याला आतून लागतो आणि वरून दिसत नाही. तिसरीत एअरबॅगा, घसरण आवरणारी यंत्रणा, चालू हीटर. पण छपरावरचे पाणी खाली सोडणाऱ्या नळ्या तुंबतात, आणि बारीकसारीक बिघाडालासुद्धा संगणक जोडावा लागतो.

एका संध्याकाळी जेवणानंतर मी तो तक्ता बाबांना वाचून दाखवायला बसले. सुरुवातीलाच सांगितले, "एक्केचाळीस मुद्दे आहेत."

"वाच," ते म्हणाले.

अडतिसावा मुद्दा 'दुरुस्तीची सोय' असा होता. पहिल्या पिढीच्या रकान्यात मी ऑफिसच्या सवयीने लिहिले होते: "वडिलांवर अवलंबून. वय त्रेसष्ट, उजव्या हाताला कंप. पाच वर्षांत अनुपलब्ध होण्याची शक्यता: जास्त." ओळ तोंडातून बाहेर पडण्याआधी डोळ्यांना दिसली होती. थांबता आले असते. पण घरचा नियम मोडायची मला सवय नव्हती, म्हणून सगळी वाचली.

बाबा म्हणाले, "बरोबर लिहिलंयस," आणि पुसलेलेच हात पुन्हा पुसले.

पुढच्या आठवड्यात मी तिसऱ्या पिढीची करडी गाडी घेतली. त्यानंतर तीन आठवड्यांनी बाबांनी जॅक विकला आणि शेड बंद केली. धाकटा म्हणतो, ती तशीही बंदच होणार होती. असेल. बाबा माझ्या गाडीत एकदाही बसलेले नाहीत. शेजाऱ्याची तब्येत विचारावी तसे विचारतात, "गाडी ठीक?" मी म्हणते, ठीक. याला आता चौदा महिने झाले.

आता जे लिहिते ते मी कोणालाही सांगितलेले नाही. तक्त्यातला एक्केचाळिसावा मुद्दा मी वाचला नाही. तो 'मन' असा होता. पहिल्या पिढीखाली लिहिले होते, "पूर्ण." बाकी दोन रकान्यांत, "नाही." इतकी शिकलेली मुलगी तक्त्यात मन लिहिते याची मला लाज वाटली आणि मी कागद मिटला. बाबांनी विचारले, "झालं का?" मी "झालं" म्हटले. जी ओळ गाळायची ती वाचली आणि जी वाचायची ती गाळली. हा माझा अपराध मी येथे कबूल करते.

कलम ५. माझ्या मागे ती करडी गाडी विकावी, आणि येणाऱ्या पैशांतून पहिल्या पिढीची, पट्ट्या न गंजलेली गाडी घेऊन ती बाबांच्या नावावर करावी.

पुरवणी. येथवर लिहून झाल्यावर लक्षात आले, की मी गेल्यावर हा कागद बाबांना माझ्याऐवजी दुसराच कोणीतरी वाचून दाखवील. ते मला सहन होईना. म्हणून आजच दुपारी त्यांना बोलावून पहिल्या शब्दापासून वाचला. साक्षीसाठी आलेल्या खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी समोर होत्या. झालेले बोलणे लिहून ठेवते.

एक्केचाळिसाव्या मुद्द्यापाशी बाबांनी हात वर केला. "थांब. हे मला माहीत होतं."

"मन लिहिलं होतं ते?"

"ते नाही. एक राहिलाय ते. तू एक्केचाळीस म्हणालीस आणि मी चाळीस मोजले. मला वाचता येत नाही, मास्तरीण, मोजता येतं."

"मग विचारलं का नाही तुम्ही?"

"काय विचारायचं? माझ्या तोंडावर अडतिसावा वाचलास. त्याच्याहून वाईट काय असेल की तुझ्याच्यानं वाचवलं नाही, एवढाच विचार करत होतो. वर्षभर."

मावशींनी शिवणाच्या पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. मला वाचता येईना. बाबा म्हणाले, "पुढे वाच, कागद अर्धा ठेवायचा नाही," म्हणून कलम ५ वाचले.

"हे खोड," ते म्हणाले. "मी काय करू पहिलीचं? तिच्यात बसून परीक्षेचा अभ्यास करू?"

"तुम्हाला आवडते म्हणून..."

"मला काम हवं होतं म्हणून पहिली म्हणालो. माझ्या सोयीचं बोललो. रोज चालवायची तर तिसरीच बरोबर. नळ्या तेवढ्या साफ करत जा, सीटमागे ओल येते. येते ना?"

"येते."

"सांगितलं नाहीस."

"तुम्ही 'ठीक?' एवढंच विचारायचात."

यावर मावशी म्हणाल्या, "बाप तशी लेक," आणि पुन्हा पिशवीत बघू लागल्या.

मग बाबांनी विचारले, की मावशींना कशाला बोलावले आहे. मी सांगितले, दोन साक्षीदार लागतात. दुसरे समोरचे औषधवाले, ते पाच वाजता येतील. साक्षीदाराने मी सही करताना बघायचे, आणि पुढे कोणी शंका घेतली तर मी शुद्धीत होते असे सांगायचे.

"औषधवाल्याला काय माहीत तू शुद्धीत आहेस का? मी सांगतो ना."

"बाबा, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मग मला काही देऊ नकोस."

"आणि वकीलबाई म्हणतात, साक्षीदार शक्यतो तरुण घ्यावा. पुढे कधी बोलवावं लागलं तर..."

"तर मी अनुपलब्ध असेन. होय ना?" ते हसले. चौदा महिन्यांत प्रथम हसले, म्हणून नोंदवते. "शुक्रवारी तूच येऊन हा कागद फाडशील. तोवर पुरेन मी."

मी शुक्रवारची खात्री देऊ शकत नाही असे म्हणाले. ते म्हणाले, "तुझ्याकडे खात्री मागितलीय कोणी? पेन दे."

त्यानुसार कलम ५ रद्द केले आहे. खोडलेल्या ओळींवर माझी छोटी सही आहे. करडी गाडी धाकट्या भावाला. तो ती विकेल. विकू दे. बाबांना या कागदाने काहीही मिळत नाही, हे त्यांना दोनदा वाचून दाखवले, आणि दोन्ही वेळा त्यांनी "बरोबर" म्हटले.

या कागदात मी आता काहीही गाळलेले नाही.

ठिकाण: माझी खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिल्या: शिवणकाम करणाऱ्या, खालचा मजला. (सही)

साक्षीदार दुसरे: लिहून देणारीचे वडील, मोटार मिस्त्री. (सही, तिला चार मिनिटे लागली, कोणी घाई केली नाही.) सहीवर त्यांनी पुढील मजकूर घालायला सांगितला, तो त्यांच्याच शब्दांत: "माझ्यासमोर सही केली, मी सगळं ऐकलं. मुलगी घाबरलेली आहे, पण शुद्धीत आहे."