विश्रांतवाडीच्या घराची दुसरी सही

मी, श्रीमती कांताबाई रतन ओव्हाळ, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, सध्या राहणार धायरी, पुणे, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करते. माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. माझी स्मृती शाबूत आहे. किती शाबूत आहे, ते पुढे वाचल्यावर काहींना नको इतकं कळेल. याआधी मृत्युपत्र केलं नाही, कारण गेल्या वर्षीपर्यंत माझ्या एकटीच्या नावावर घर म्हणून काही नव्हतंच.

कलम पहिले. धायरीचा तळमजल्यावरचा फ्लॅट मी विश्रांतवाडीच्या घराच्या माझ्या वाट्यातून आणि स्वकमाईतून घेतला आहे. तो माझ्यानंतर माझी मुलगी दीक्षा हिचा. ती त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते आणि रोज सकाळी खाली येऊन माझी गोळी घेतली का ते विचारते. कागदावर एकच नाव आहे, माझं. तिच्या नावावर करतानाही दुसरं नाव घालू नये. जावईबापूंनी राग मानू नये. ते भले आहेत, पण मी कागद बघितले आहेत.

हा फ्लॅट मिळण्याआधी एका एजंटने मला चार ठिकाणी फिरवलं. त्यातल्या तीन ठिकाणी मी आडनाव सांगेपर्यंत फ्लॅट शिल्लक होता. चौथ्या ठिकाणी मी आडनाव आधीच सांगितलं, त्यामुळे जिना चढायचे कष्ट वाचले. त्या तिन्ही मालकांना माझ्या इस्टेटीतून काहीही मिळणार नाही.

कलम दुसरे. बँकेतली ठेव मुलगा समाधान याची. तो हिंजवडीला कंपनीत आहे आणि दिवसा झोपतो. घर विकायचं निघालं तेव्हा तो म्हणाला होता, "आई, नेटवर टाकू, दोन दिवसांत जाईल." पुढे साडेपाच वर्षं लागली. पण त्याने टाकलं होतं मनापासून, म्हणून ठेव पूर्ण त्याला.

कलम तिसरे. विश्रांतवाडीचं घर आता माझं नाही, त्यामुळे त्याची वाटणी नाही. पण ते विकायला इतकी वर्षं का लागली, हे लिहून ठेवते. नाहीतर उद्या कोणी म्हणेल की माझे दीर अनंतराव यांनी पैशासाठी अडवलं. ते खरं नाही. हे मी त्यांच्या आणि माझी जाऊ द्वारका हिच्या संमतीने लिहीत आहे.

ते दोन खोल्यांचं बैठं घर माझे यजमान रतन आणि त्यांचा धाकटा भाऊ अनंत यांनी १९७९ साली मिळून घेतलं. खरेदीखतावर दोघांची नावं. पुढच्याच वर्षी भावजींची रेल्वेत भुसावळला बदली झाली. सासूबाई, सोजरबाई, आमच्याकडे राहिल्या.

मार्च १९८४ मध्ये एका पहाटे सासूबाई गेल्या. मी एक्सचेंजला जाऊन स्वतःच्या हाताने भुसावळचा कॉल लावला. भावजींच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये फोन होता. सकाळी सात वाजता द्वारका फोनवर आली. मी निरोप दिला आणि म्हटलं, "लगेच निघा, आम्ही संध्याकाळपर्यंत थांबतो." ती म्हणाली, "बरं."

संध्याकाळपर्यंत थांबलो. उन्हाळा होता, लोक कुजबुजायला लागले. शेवटी नेलं. भावजी आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "वहिनी, निरोप मला दुपारी मिळाला. तुम्ही ऑपरेटर. फोन किती वाजता केलात?"

त्यांच्या मागे द्वारका उभी होती. तिने माझ्याकडे बघून हात जोडले. त्या दिवशी सकाळी भावजींची बढतीची परीक्षा होती आणि हिने पेपर होईपर्यंत निरोप पोटात ठेवला होता, हे मला त्या जोडलेल्या हातांतच कळलं. भावजींचा राग मला ठाऊक होता. मी म्हटलं, "लाइन मिळत नव्हती."

"तुम्हाला लाइन मिळत नव्हती?" एवढंच ते म्हणाले, आणि पाणीही न पिता गेले. परीक्षेत पास झाले. आमच्या घरी परत जेवले नाहीत.

मी यजमानांनाही खरं सांगितलं नाही. ते भावाच्या पत्राची वाट बघत १९९७ साली गेले. माझ्या आयुष्यात ही एकच गोष्ट मी माफ करून घेऊ शकले नाही, कारण माफ करणारा माणूस राहिला नाही.

निवृत्तीनंतर मी घर विकायला काढलं, तेव्हा २००१ साल होतं. पहिलं गिऱ्हाईक होकायंत्र घेऊन आलं आणि दार पूर्वेला करून मिळेल का म्हणालं. मी म्हटलं, "पूर्वेला शेजाऱ्यांचं न्हाणीघर आहे, त्यांना विचारून या." दुसऱ्याने टोकन दिलं, वकिलाला कागद दाखवले, आणि वकील म्हणाले, "बाई, दुसऱ्या मालकाची सही?"

भावजी तोवर निवृत्त होऊन लोणी काळभोरला राहायला आले होते. मी बसने गेले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, द्वारकाने चहा दिला. अर्धे पैसे तुमचे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "पैसे नकोत मला. सहीपण मिळणार नाही." वर उसाच्या भावावर अर्धा तास बोलले.

अशी मी अकरा वेळा गेले. अकरा वेळा चहा प्याले. टोकन परत करता करता एजंट मला ओळख दाखवेनासे झाले. इकडे धायरीतला फ्लॅट दर दिवाळीला भाव वाढून माझ्यापासून थोडा लांब जात होता.

शेवटचं गिऱ्हाईक शहेजाद आणि त्याची बायको रुमाना. दोघं संगणकावर काम करणारी, शिकलेली. फ्लॅट बघत वर्षभर फिरली होती. रुमाना म्हणाली, "आंटी, नाव सांगितलं की लोकांना अचानक आठवतं, घर भाच्याला द्यायचंय." मी त्यांना आतल्या खोलीत नेऊन चहा पाजला. त्यांनी आठ महिने थांबून दाखवलं. मग रुमानाला दिवस गेले आणि मलाच त्यांना आणखी ताटकळत ठेवणं जड जाऊ लागलं.

ऑगस्ट २००६ मध्ये मी बाराव्या वेळी लोणीला गेले. कागद नेलेच नाहीत. म्हटलं, "भावजी, हे शेवटचं. त्या मुलांचं टोकन परत करते. घर विकत नाही. आता मी सहीसाठी येणार नाही."

ते म्हणाले, "बरं झालं."

द्वारका चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला आणि म्हणाली, "फोन सकाळी सातला आला होता. मी घेतला होता. ताईंनी केला होता."

भावजींना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते उठून अंगणात गेले, तिथला वाहता नळ बंद केला आणि परत येऊन विचारलं, "पेपर होता म्हणून?"

"हो."

मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही बावीस वर्षं गप्प बसलात?"

मी म्हटलं, "मी ऑपरेटर. दोन्हीकडचं ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही."

ते म्हणाले, "दादाला तरी सांगायचं होतं हो, वहिनी." ते रडले. द्वारकाही रडली. मग त्यांनी चष्मा पुसला. "कुठंय कागद?"

"आणला नाही."

"अकरा वेळा आणलात, आणि आज नाही?" असं म्हणून ते चक्क हसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने ते स्वतः विश्रांतवाडीला आले आणि माझ्याकडे जेवले. भाजी खारट झाली होती. तरी संपली.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात आम्ही चार तास बाकड्यावर बसलो होतो. तिथे त्यांनी हळूच विचारलं, "आई शेवटी काही बोलली का?" मी सांगितलं, पाणी मागितलं, दोन घोट घेतले, आणि 'गार आहे, बरं वाटलं' म्हणाल्या. ते म्हणाले, "परत सांगा." मी परत सांगितलं. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

अर्धे पैसे त्यांनी अखेर घेतले. द्वारकाशी ते महिनाभर मोजून बोलत होते. आता पुन्हा भांडतात, म्हणजे ठीक आहे. त्या घरात रुमानाची मुलगी चालायला लागली आहे. आणि मला धायरीत दुपारी झोप लागते. नोकरीत असताना आणि नंतरही ती कधी लागली नव्हती.

कलम चौथे. समाधानची मुलगी, माझी नात मैत्री हिला माझा ऑपरेटरचा जुना हेडसेट द्यावा. भंगारात काढला तेव्हा मी तो पावती करून घेतला होता. तिच्या बाबाच्या कानावर असतो तो याचाच नातू.

कलम पाचवे. पैठणी एकच आहे. ती द्वारकाची. दीक्षाला विचारलेलं आहे.

कलम सहावे. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अनंतरावांनी करावी. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही आधी जाणार असं कोणी सांगितलं?" हा मी होकार धरते.

कलम सातवे आणि शेवटचे. मी गेले की त्याच मिनिटाला सगळ्यांना फोन करावा. कोणाची परीक्षा असो, मीटिंग असो, समाधानचा अमेरिकेचा कॉल चालू असो. तो कॉल तोडावा. कोणाला केव्हा सांगितलेलं सोसेल, हे घरातल्या कोणी ठरवू नये. सोसतं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण : धायरी, पुणे
दिनांक : २२ नोव्हेंबर २००७

(सही) कांताबाई रतन ओव्हाळ

साक्षीदार :
१. (सही) डॉ. यज्ञेश्वर भालेघरे, धायरी. बाईंची प्रकृती मी आज तपासली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत आणि माझ्या अक्षरावर त्यांनी शेरा मारला आहे.
२. (सही) शहेजाद इनामदार, विश्रांतवाडी