मालिकेतल्या थोरलीची सही

अण्णा, तुमची ती मालिका अखेर संपली. तीच, तालुक्याच्या गावातलं पेढ्यांचं दुकान, दोन भाऊ, एक थोरली बहीण आणि दर आठवड्याला एक नवं कारस्थान. तुम्ही गेल्यावर बरीच वर्षं ती बंद होती. यंदा वाहिनीला कुठून उमाळा आला कोण जाणे, 'शेवटचं पर्व' म्हणून पुन्हा सुरू केली. थोरलीच्या कानशिलांवर पांढरी पावडर फासली, धाकट्याला मिशी लावली, की झाली वीस वर्षं! सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या या फ्लॅटमध्ये बसून मी एकही भाग चुकवला नाही. रोज नावं ठेवली आणि रोज पाहिली. पण शेवटच्या भागात त्यांनी जे करून ठेवलंय, ते पाहून तुम्ही टीव्हीच फोडला असतात. थोरलीनं हक्कसोडपत्रावर सही केली. तीही हसत हसत. दुकानातला, घरातला सगळा हिस्सा भावांना देऊन टाकला, पदरानं डोळे टिपले, देवापुढे दिवा लावला, मागे बासरी. संपलं.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही इथे तीन महिने राहून गेलात, तेव्हा दुसरं पर्व चालू होतं. मी ऑफिसातून रजा काढून तुम्हाला सिंगापूर दाखवायचं ठरवलेलं, आणि तुमचं आपलं एकच, "दुपारी तीनच्या आत घरी आलं पाहिजे." बोटॅनिक गार्डनमध्ये नेलं तर म्हणालात, झाडं काय आपल्याकडे नाहीत? फेरीबोटीत बसवलं तर घड्याळ बघत बसलात. असा राग यायचा मला! लोक कुठून कुठून ही जागा बघायला येतात आणि माझे वडील लुंगी-बनियनवर सोफ्यात मांडी घालून पेढेवाल्यांचे तंटे बघतात.

तो शनिवार मला अजून दिसतो. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटतेय. टीव्हीवर थोरलीच्या काकानं तिच्यापुढे हक्कसोडीचा कागद सरकवलाय, तिनं पेन उचललंय, आणि तुम्ही एकदम उभे राहून ओरडताय, "सही करू नकोस! अगं मूर्ख पोरी, आधी वारस नोंद बघ! साक्षीदार कुठायत? अशा घरात बसून सह्या करतात होय?" लाटणं माझ्या हातातून पडलं. दोन मिनिटांत शेजारची चिनी आंटी दारात, "युअर फादर ओके ऑर नॉट? समवन डाय आह?" काय सांगणार तिला? की माझे वडील निवृत्त तलाठी आहेत आणि टीव्हीतली बाई कागद न वाचता सही करायला निघालीय? मी तुमच्यावर डाफरले. तुम्ही जराही ओशाळला नाहीत. पोळीचा घास हातात धरून मला म्हणालात, "हसू नकोस. अशा पोरी मी चावडीत जन्मभर पाहिल्यात. भावानं साडीचोळी केली की निमूट अंगठा उठवतात. सही नाही केली तर माहेर तुटतं, केली तर पायाखालची जमीन जाते. आणि उद्या नवऱ्यानं बाहेर काढलं तर बाई जाते कुठं? मी तिचं नाव कमी करणारा फेरफार लिहायचो आणि ती समोर बसून हसायची. हसायची, समजलं?" त्या पर्वात थोरलीनं सही केली नाही, पेन खाली ठेवलं. तुम्ही माझ्याकडून शिरा करवून घेतलात.

आणि मग तीन आठवड्यांनी, चांगी विमानतळावर, व्हीलचेअर येईपर्यंत आपण बाकावर बसलो होतो तेव्हा, तुम्ही पासपोर्ट चाचपत अगदी सहज म्हणालात, "माझ्यामागं दादा एक कागद पाठवेल. घर आणि पेरूची बाग त्याच्या नावावर करायची. सही करून टाक. तुला काय कमी आहे इकडे?" अण्णा, तुम्हीच! तेच तोंड, तोच माणूस! मी काय म्हणाले असेन? "बरं." कागदावर न वाचता सही करू नका, असं जहाजावर नोकरीला निघालेल्या पोरांना हार्बरफ्रंटच्या आमच्या भरतीच्या ऑफिसात दिवसभर बजावणारी मी, तुम्हाला नुसतं "बरं" म्हणाले आणि पाण्याची बाटली तुमच्या पिशवीत नीट उभी ठेवली. त्या "बरं"चा मला तुमच्या त्या बोलण्याइतकाच संताप येतो.

दादा वाईट नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या शेवटच्या आजारपणात त्यानंच सगळं केलं, मी चार दिवसांसाठी उगवले. बाग त्यानं जगवली. आता त्याला तिथे बांधकाम करायचंय, म्हणून त्याचा वकील माझ्या मागे लागलाय. मी इथल्या भारतीय हाय कमिशनमध्ये जाऊन मुखत्यारपत्रावर सही करायची, मग पुढचं तिकडे परस्पर होईल. दादानं मसुदा पाठवला, खाली अंगठा वर केलेलं चित्र, आणि निरोप, "अगं, फॉर्मॅलिटी आहे." वहिनीनं त्याच आठवड्यात, भाऊबीज लांब असताना, पैठणीचे फोटो पाठवले. कुठला रंग आवडतो, विचारत होती. मला रंग विचारला, बघा.

परवा शेवटचा भाग लागला तेव्हा माझी लेक शेजारी बसून मोबाइल बघत होती. थोरलीनं सही केली, सगळे गळ्यात पडले, आणि हिनं मान वर करून विचारलं, "ममा, शी साइन्ड फॉर फ्री आह?" मी म्हटलं, भावांवर प्रेम आहे ना तिचं. तर म्हणते, "बट नोबडी आस्क हर ऑल्सो, लाह." आणि परत मोबाइलमध्ये डोकं. मी उठून भांडी घासायला गेले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

मला ती बाग नको, अण्णा. पेरू खायला मी काही तिथे जाऊन राहणार नाही. पण दादानं विचारायला हवं होतं. तुम्ही विचारायला हवं होतं. दुसऱ्यांच्या पोरींसाठी चौतीस वर्षं जीव तुटला तुमचा, पावडर फासलेल्या नटीसाठी तुम्ही शेजार गोळा केलात, आणि स्वतःच्या पोरीला विमानतळावर, भाजी आणायला सांगावं तसं सांगून मोकळे झालात. तुम्ही मला समोर बसून हसणाऱ्यांत कधी धरलंच नाहीत, की धरलंत म्हणूनच सांगितलंत? या वयात मला हे तुमच्याशी भांडायचं होतं. तुम्ही मात्र नेमके आधी निघून गेलात.

काल दादाचा पुन्हा फोन आला. "झालं का गं काम?" मी म्हटलं, अरे, अपॉइंटमेंटच मिळत नाही, फार गर्दी असते. चार महिने मी हेच सांगतेय. तो बिचारा म्हणतो, घाई नाही, बघ तुझ्या सोयीनं. खरं सांगू? अपॉइंटमेंट मी मागितलेलीच नाही. मागणारही नाही, निदान तो नीट विचारेपर्यंत. हे त्याला तोंडावर सांगायची मला भीती वाटते, माहेर म्हणून तोच एक उरलाय. तुम्हाला सांगणं सोपं, तुम्ही आता काही तोडू शकत नाही.