झिलेपुरती जागा

गुडीहत्नूर मंडळ, जि. आदिलाबाद
ता. २० नोव्हेंबर

तीर्थरूप उद्धवभाऊजी यांना सुवर्णाचा डोक्यावर पदर घेऊन नमस्कार.

आमी इकडे बरे आहो, तुमी सगळे उटनूरले बरे असाल. कापसाची वेचणी चालू आहे. पहिली वेचणी चांगली निघाली, दुसरीचं देव जाणे. जाऊबाईचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणा त्यायले. ऐकणार नाहीत, पण म्हणा.

तुमी म्हणाल, घरात फोन असून हिले पत्र काऊन सुचलं? भाऊजी, लग्न होऊन आली तेव्हापासून तुमच्यासमोर मी कधी तोंड उघडून बोलली नाही. थोरल्या दिराशी दाराआडून बोलाचं, ही आपल्या घरची रीत. फोनवरही माह्या तोंडून "हो जी" च्या पुढं काही निघत नाही. कागदापुढं माह्यं तोंड कोण धरते? अन् दुसरं म्हणजे, त्या फोनवरून माह्यं मनच उडालं आहे. तेच सांगाले बसली.

फोनवाल्यायचं वाटोळं होवो! आधी एवढं लिहून घेते, मग पुढचं.

तुमी आमच्या स्वराजवळ तुमच्या आवाजातलं भजन भरून पाठवलं होतं ना? "कोणी दिलं ते सांगू नको" म्हणाले होते म्हणे. अहो, नाव कशाले सांगाले पाहिजे? स्वरानं फोनवर भजन लावलं, हे बाजेवर पडून होते, अन् तुमची पहिली ओळ कानावर पडल्याबरोबर यायनं पसरलेले पाय जवळ ओढून घेतले. लकव्यानं एक पाय तर धड हालतही नव्हता, तो हातानं ओढला. थोरला भाऊ समोर आला की माणूस जसं करते, तसं. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

स्वरा म्हणे, "आई, काकांचं रेकॉर्डिंग मधी मधी बंद पडते." पोरगी हाफिसात नोकरी करते, पण भजनातलं तिले काय समजते! तुमी एक ओळ म्हणता अन् गप होता. टाळ नाही, पेटी नाही, कोरं. मग दुसरी ओळ. मले तवाच समजलं. सारा जनम तुमी पुढं म्हटलं अन् यायनं मागून झील धरली. तेवढी झिलेपुरती जागा तुमी यायच्यासाठी सोडून ठेवली होती.

आदिलाबादच्या दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनं सांगितलंच होतं की ज्याची वाचा जाते त्याले कधी कधी गाता येते. यायच्याजवळ तर एकच शब्द उरला होता, "ते". पाणी पाहिजे, ते. राग आला, ते. मले हाक माराची, तरी तेच. मी चिडून म्हणत होती, "अहो, माह्यं नाव ते नाही, सुवर्णा आहे." मग हे रडत, अन् मीही.

तर तुमचं भजन सुरू झालं. पहिल्यानं नुसते ओठ हालले. मग आवाज निघाला, गळ्यात अडकल्यासारखा. अन् पोळ्याच्या आसपास एक दिवस तुमी थांबले अन् यायनं अख्खी झील धरली! सगळे शब्द, एकही न गाळता! शेजारच्या वच्छलाबाई भिंतीवरून पाहाले आल्या. मी तर देवापुढं साखर ठेवली. त्यानंतर रोज सकाळी दारापुढच्या ओट्यावर फोन ठेवाचा अन् तुमी दोघं भाऊ गाचे. हो, दोघं भाऊच म्हणते मी.

अन् मग त्या मेल्या फोनले चांगलं चाललेलं पाहावलं नाही. चार्जिंगले लावला होता, त्यानं आपल्या मनानं अपडेट करून घेतलं. उघडून पाहते तर तोंडवळाच बदललेला. भजनाचा खण गायब, अन् वर लिहिलेलं "खास तुमच्यासाठी". काय खास? लग्नात पोरं नाचतात ते धांगडधिंग्याचं गाणं! ते बंद कराले गेली तर एक बाई केस गळतीच्या तेलाचं सांगाले लागली. माह्या केसाची चौकशी कोणी केली होती का इथं?

शोधून शोधून तुमचं भजन सापडलं. लावलं. तुमची ओळ झाली, यायनं तोंड उघडलं, अन् यायचा आवाज निघाच्या आधीच तुमची दुसरी ओळ अंगावर! परत तोंड उघडलं, परत तेच. कोरी जागाच नाही कुठं. एका दमात सारं भजन गाऊन तुमी मोकळे. यायनं फोनकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं, "ते" म्हणाले, अन् भिंतीकडं तोंड करून निजले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर आलेच नाहीत.

भाऊजी, बाकी सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण यायले वाटलं की आता तुमीच यायच्यासाठी थांबत नाही. यायले बोलून दाखवता येत नाही, पण एवढी वर्षं संसार केला, मले समजणार नाही का?

मी फोन घेऊन इचोड्याले गेली, करणच्या मोबाईलच्या दुकानात. तो म्हणे, "अम्मा, पुराना वाला अब नहीं आएगा. नया अच्छा है, टाइम बचता है." मी म्हटलं, "किसका टाइम रे बाबा? मेरा आदमी तो पूरा दिन खाली बैठा है!" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मी मात्र बसमधी वाटभर रडत आली.

रविवारी स्वरा आली, तिनं शोधून काढलं. नव्या अपडेटात एक बटण आपोआप चालू झालं होतं. आवाज नसेल तेवढा भाग ते गाळून टाकते म्हणे. म्हणजे पाहा, तुमी एवढ्या मायेनं थांबले, अन् त्या फोनच्या लेखी ते सगळं वाया गेलेलं! स्वरानं बटण बंद केलं. भजन पहिल्यासारखं झालं. पण आता हे फोनकडं पाहातच नाहीत. लावला की हातानं बाजूले सारतात. मी आशा सोडली होती.

आता आज सकाळचं सांगते. यासाठीच एवढं सगळं लिहिलं.

हे आपले आपण उठून, भिंत धरत ओट्यावर जाऊन बसले. मी आत भाकरी थापत होती. अन् बाहेरून भजन ऐकू आलं. फोन तर माह्याजवळ, चुलीच्या वर फळीवर! जाऊन पाहते तर हे गाऊन राह्यले. झील नाही, भाऊजी. तुमची ओळ! पुढची! आयुष्यात कधी पुढं म्हटलं नाही त्या माणसानं. आवाज फाटलेला, पण ओळ पुरी. अन् ओळ संपल्यावर थांबले. रस्त्याकडं पाहात बसले.

मी दारातून झील धरली. यायनं हात वर केला, तू नको म्हणून. परत तीच ओळ म्हटली, परत थांबले. भाकर करपली तरी मी तिथंच उभी.

मी विसरली नाही, तुमी आपल्या वाट्याचं शेत न विचारता परक्याले विकलं, अन् यायनं साऱ्या भजनी मंडळीसमोर म्हटलं, "आजपासून माह्या भजनात तुमी नाही." कोणाचं किती चुकलं, ते मी बोलत नाही. पण हे दवाखान्यात होते तवा तुमी बाहेरच्या बाकड्यावर बसून होते. दारापर्यंत आले, अन् परत गेले. मी पाहिलं. दाराआडच्या बाईले सगळं दिसते, भाऊजी.

तुमचे उपकार मी कशानं फेडू? वाचा डॉक्टरनं नाही, तुमच्या थांबण्यानं परत आणली. अन् फोनवाल्यायचं वाटोळं म्हटलं, ते मागं घेते. त्यायनं ती जागा खाल्ली नसती तर हे जनमभर फोनच्याच मागं झील धरत राह्यले असते, अन् यायले काय पाहिजे ते मले कधी समजलं नसतं.

फाट्यावर उतरा, ऑटो मिळते. रविवारी सकाळी या, स्वराही घरी असते. यायले काही विचारू नका, मागचं काही काढू नका. ओट्यावर बाजूले बसा फक्त. मी नेहमीसारखी दाराआड राहीन, चहा स्वराच्या हातून देईन.

यायची ओळ म्हणून झाली आहे, भाऊजी. हे थांबून आहेत.

तुमच्या धाकट्या भावाच्या घरून,
सुवर्णा